गोठ्याचे पाणी गहू-मक्याला देताना: नत्राच्या हिशेबापासून शेवटच्या पाळीपर्यंत

गोठा धुतल्यावर चरातून वाहणाऱ्या पाण्यात शेण असते, मूत्र असते, चाऱ्याची बारीक काडी असते आणि पिकाला लगेच उचलता येईल असा नत्रही असतो. हे पाणी ओढ्यात गेले तर तिथला प्राणवायू संपवते आणि मासे मारते. एकाच कोपऱ्यात रोज सोडले तर तिथली जमीन बिघडते आणि जवळच्या विहिरीत नायट्रेट उतरते. तेच पाणी मोजून, वेळ साधून गहू, मका, ज्वारी, बाजरी, भात किंवा बार्लीला दिले, तर विकतच्या खताचा मोठा हिस्सा वाचतो.

नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: पाणी किती सोडू? माझे म्हणणे असे की आधी नत्र किती द्यायचा ते ठरवा. हौद भरला म्हणून शेतात सोडले, ही पद्धत पिकाचेही नुकसान करते आणि जमिनीचेही. नत्राचा आकडा हातात आला की सांडपाणी किती, स्वच्छ पाणी किती आणि पाळ्या किती, हे सगळे त्यातून निघते.

पहिले काम: नको ते पाणी वेगळे काढा

चरात काय काय येते ते एक दिवस उभे राहून बघा. छपराचे पावसाचे पाणी गोठ्याच्या चरात येत असेल तर सर्वांत आधी ते तोडा. 200 चौरस मीटर छपरावर वर्षात 1000 मिलिमीटर पाऊस पडला तर 2 लाख लिटर पाणी होते. पन्हाळ लावून ते बाहेर काढले की हौद लहान पुरतो आणि खतही पातळ होत नाही.

नासलेले किंवा सांडलेले दूध चरात जाऊ देऊ नका. दूध कुजताना लागणाऱ्या प्राणवायूची मागणी लिटरमागे 1 लाख मिलिग्रॅमच्याही वर असते. घरगुती सांडपाण्यात हाच आकडा काही शेकड्यांत असतो. थोड्या दुधानेही हौद सडतो आणि वास असह्य होतो. मुरघासाच्या खड्ड्यातून झिरपणारे पाणी आम्ल असते, पाने करपवते आणि काँक्रीटही खाते. ते भरपूर पातळ केल्याशिवाय पिकापर्यंत नेऊ नये.

जनावरांचे खूर बुडवण्यासाठी मोरचुदाचे द्रावण वापरत असाल तर ते हौदात ओतू नका. तांबे जमिनीत साचते आणि तिथून काढण्याचा सोपा उपाय नाही. प्रतिजैविके दिलेल्या जनावराचे टाकून द्यायचे दूध आणि उरलेली औषधेही बाहेरच ठेवा. दूधयंत्र धुताना कॉस्टिक सोड्याची पावडर कमीत कमी वापरा, कारण त्यातला सोडियम थेट शेतात जातो. माणसांच्या संडासाची वाहिनी या चराला जोडलेली नसावी. तिच्यातले रोगजंतू आणि जंताची अंडी हा वेगळा विषय आहे, त्याला वेगळी प्रक्रिया लागते.

दुसरे काम: गाळ बसवणे आणि साठवण

काचेच्या उंच बरणीत चराचे पाणी भरून तासभर ठेवा. तळाशी किती साका बसतो आणि वर किती काडी तरंगते ते दिसेल. साका बराच असेल तर साठवण हौदाआधी दोन कप्प्यांचा गाळहौद लागेलच. पहिल्या कप्प्यातून दुसऱ्यात पाणी जाणारी नळी मधल्या उंचीवर ठेवा. टी आकाराचा जोड बसवला तर वरची साय आणि खालचा गाळ दोन्ही मागे राहतात. हा गाळ काढून काडीकचऱ्यासोबत कंपोस्ट करा. स्फुरद आणि सेंद्रिय पदार्थ गाळात जास्त असतात, तर पालाश आणि अमोनियाच्या रूपातला नत्र पाण्यात राहतो.

हौदाचा आकार ठरवताना वर्षातला सर्वांत अडचणीचा काळ धरा. शेत ओले आहे, पाऊस चालू आहे किंवा रानात पीकच नाही, अशा दिवसांत पाणी कुठेतरी थांबले पाहिजे. रोज 2000 लिटर पाणी निघत असेल आणि असा काळ 3 महिन्यांचा असेल तर 180 घनमीटर जागा हवी. हौद उघडा असेल तर त्यात पडणारा पाऊस वेगळा धरा आणि वर किमान अर्धा मीटर मोकळे ठेवा. तळ गळका नसावा. शक्य असेल तर हौद झाका, कारण उघड्या पृष्ठभागावरून अमोनिया उडतो, म्हणजे तुमचा नत्रच हवेत जातो.

इथे थांबून एक गोष्ट नीट वाचा. साठलेली स्लरी, म्हणजे शेण-मूत्राचा पातळ काला, ढवळताना हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू एकदम बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात आणि सखल जागेत साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वासच येत नाही. वास गेला म्हणजे धोका टळला असे समजणाऱ्यांचे जीव गेले आहेत. बंदिस्त हौदात कधीही उतरू नका, रिकामा दिसला तरी नाही. ढवळताना आजूबाजूची जनावरे बाहेर काढा, दारे-खिडक्या उघडा, वाऱ्याच्या दिशेचे भान ठेवा आणि एकट्याने काम करू नका. आत कोणी पडले तर धावत आत उडी मारणारा दुसरा बळी ठरतो. श्वसनयंत्र असलेली मदत बोलवा. हौदाभोवती कुंपण आणि तोंडावर मजबूत जाळी हवीच, विशेषतः घरात लहान मुले असतील तर.

तिसरे काम: तपासणी

हौद नीट ढवळून, वेगवेगळ्या जागांहून आणि खोलीवरून थोडे थोडे पाणी बादलीत घ्या, मिसळा आणि त्यातले अर्धा लिटर प्लास्टिकच्या बाटलीत भरा. बाटली काठोकाठ भरू नका, आत वायू तयार होतो. ती थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत द्या. एकूण नत्र, अमोनियाच्या रूपातला नत्र, स्फुरद, पालाश, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सामू (pH) आणि विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचे माप) एवढे मागा. डुकरांचा गोठा असेल तर तांबे आणि जस्तही तपासा, कारण त्यांच्या खाद्यात ही दोन्ही बऱ्याचदा घातलेली असतात. शेताच्या मातीचा नमुना त्याच वेळी द्या.

गोठ्याच्या पातळ धुवणपाण्यात घनमीटरमागे साधारण अर्धा किलो नत्र मिळतो. घट्ट स्लरीत तो अडीच किलोच्या आसपास जातो. बायोगॅसच्या स्लरीत नत्र नाहीसा होत नाही, उलट त्याचा मोठा भाग अमोनियाच्या रूपात येतो. त्यामुळे ती लवकर लागू पडते आणि तितक्याच लवकर उडते. हे आकडे अंदाज घेण्यापुरते आहेत. तुमच्या हौदाचा आकडा तुमच्या जनावरांवर, चाऱ्यावर आणि तुम्ही किती पाण्याने गोठा धुता यावर ठरतो.

चौथे काम: हिशेब

समजा, मातीतले उपलब्ध अन्नद्रव्य आणि अपेक्षित उत्पादन पाहून तुमच्या गव्हाला हेक्टरी 100 किलो नत्राची शिफारस आली. टनभर धान्यासाठी गहू साधारण 25 ते 30 किलो नत्र उचलतो, त्यामुळे शिफारस पटते का हे तुम्हालाही ताडून बघता येते. पहिल्या वर्षी सगळा नत्र सांडपाण्यातून देऊ नये. 60 किलो त्यातून द्या, उरलेला नेहमीच्या खतातून. हौदाचा आकडा वर्षभर सारखा राहत नाही, आणि चूक झाली तर सावरायला हाताशी काहीतरी असावे.

अहवालात एकूण नत्र लिटरला 500 मिलिग्रॅम आणि त्यातला अमोनियाचा 300 मिलिग्रॅम आला असे धरू. या हंगामात पिकाला मिळेल तो मुख्यतः अमोनियाचा भाग. त्यातला काही उडतो आणि सेंद्रिय भागातला थोडा हंगामात सुटतो, म्हणून हिशेबाला 300 धरा. म्हणजे घनमीटरला 0.3 किलो. 60 किलोसाठी 200 घनमीटर सांडपाणी लागेल, एकराला 80 घनमीटर. पाण्याच्या उंचीत ते फक्त 20 मिलिमीटर झाले. गव्हाची संपूर्ण हंगामाची तहान यातून भागत नाही, हे इथेच स्पष्ट होते. स्वच्छ पाणी लागणारच आहे, मग ते सोबतच द्यावे.

हे 200 घनमीटर तीन पाळ्यांत विभागले तर प्रत्येक पाळीला सुमारे 67. एका पाळीत 60 मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी 600 घनमीटर पाणी देत असाल, तर एक भाग सांडपाणी आणि आठ भाग स्वच्छ पाणी असे प्रमाण पडते.

पाठ करण्याजोगे सूत्र एकच: मिलिमीटरमधील पाणी गुणिले लिटरमागील मिलिग्रॅम भागिले 100 म्हणजे हेक्टरी किलो.

आता दुसऱ्या बाजूने हिशेब करा. रोजच्या 2000 लिटरचे वर्षात 730 घनमीटर होतात आणि त्यात 365 किलो एकूण नत्र असतो. युरोपीय संघाच्या 1991 च्या नायट्रेट निर्देशात जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला 170 किलो नत्राची मर्यादा आहे. तुमच्याकडे तो कायदा नसेल तरी आकडा म्हणून तो शहाणपणाचा आहे. त्याप्रमाणे या गोठ्याला 2 हेक्टरांहून थोडी जास्त जमीन हवी. जमीन कमी असेल तर शेजाऱ्याशी बोलून त्याच्या शेतात पाणी न्या. आपल्याच दोन वाफ्यांत सगळे जिरवायचा मोह मी समजू शकतो, पण त्याची किंमत तीन-चार वर्षांनी जमीन वसूल करते.

क्षारांचे गणित विसरू नका

नत्र बरोबर बसला तरी क्षार अडवू शकतात. अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनविषयक तक्त्यांत उत्पादन न घटता चालणाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता मक्याला 1.1 डेसिसायमन प्रति मीटर, भाताला 2, गव्हाला 4, ज्वारीला 4.5 आणि बार्लीला 5.3 अशी दिली आहे. सांडपाणी 5 चे आणि विहिरीचे पाणी 0.6 चे असेल तर एकास आठ मिश्रण जवळपास 1.1 ला येते. गव्हाला ते आरामात चालेल, मक्याला मात्र तुम्ही अगदी काठावर उभे आहात. विहीरच थोडी खारी असेल तर मक्याचा विचार सोडा, बार्ली किंवा ज्वारी घ्या.

गहू आणि बार्ली मोठेपणी क्षार सोसतात, पण उगवताना आणि रोप अवस्थेत नाही. त्यामुळे पेरणीचे आणि उगवणीचे पाणी निव्वळ स्वच्छ द्यावे. अमोनियाही कोवळ्या मुळांना जाळतो. खात्री करायची असेल तर तीन ताटल्यांत ओल्या कापडावर गव्हाचे 20-20 दाणे ठेवा: एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत मिश्रण, तिसरीत नुसते सांडपाणी. पाच दिवसांनी मुळांची लांबी बघा. हे बघितलेला माणूस पुन्हा कधी न मिसळता पाणी सोडणार नाही.

भारी काळ्या जमिनीत सोडियमवर जास्त लक्ष हवे. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण होत जाते. मातीच्या अहवालात विनिमयक्षम सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, वर सरकताना दिसला तर सांडपाणी थांबवा, सल्ल्याने जिप्सम द्या आणि निचरा सुधारा. हलक्या, मुरमाड जमिनीत उलटी अडचण असते: पाणी झरकन खाली जाते आणि सोबत नायट्रेट नेते. तिथे पाळ्या लहान आणि जास्त करा.

पाचवे काम: कधी द्यायचे

मातीत गेलेला अमोनियम चिकणकणांना धरून राहतो. उबदार, हवेशीर मातीत तो दोन-तीन आठवड्यांत बराचसा नायट्रेट होतो, आणि नायट्रेट पाण्यासोबत चालू लागतो. म्हणून पीक उचलायला तयार असते तेव्हाच द्यावे.

गव्हाला पहिली पाळी पेरणीनंतर सुमारे 21 दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना. दुसरी फुटव्यांच्या भरात. तिसरी कांडी धरताना. पोटरीत आल्यावर सांडपाणी बंद, पुढे दाणा भरेपर्यंत स्वच्छ पाणी. उशिरा दिलेला जास्तीचा नत्र पीक हिरवेगार ठेवतो, पण काढणी लांबते, पीक लुसलुशीत राहून रोगाला बळी पडते आणि वाऱ्याने लोळते. मक्याला गुडघ्याएवढा झाल्यापासून तुरा येण्याच्या आधीपर्यंत द्या. मक्याची भूक याच काळात झपाट्याने वाढते.

भाताचा वेगळा विचार करावा लागतो. तुंबलेल्या खाचरात अमोनियम टिकतो, ही चांगली बाजू. पण ताजे शेणपाणी जास्त झाले तर आधीच प्राणवायू नसलेल्या चिखलात सल्फाइड वाढून मुळे काळी पडतात, मिथेनही जास्त निघतो. खाचराला फक्त गाळलेले, कुजून झालेले पाणी, तेही फुटव्यांपर्यंतच. बांध फुटका नसावा. करप्याची लक्षणे दिसत असतील तर नत्र थांबवा.

सहावे काम: प्रत्यक्ष सोडणे

संध्याकाळ, वारा पडलेला, शेत वापशावर, पुढच्या दोन दिवसांत मोठ्या पावसाची चिन्हे नाहीत, अशी वेळ धरा. उन्हात आणि वाऱ्यात पसरलेल्या सांडपाण्यातला अमोनिया पहिल्या काही तासांतच उडून जातो. सामू 8 च्या वर असेल तर आणखी वेगाने.

तुषार सिंचन मी नवख्यांना सुचवणार नाही. बारीक थेंबांतून जंतू दूरवर जातात, वास पसरतो, पाने करपतात. सऱ्या किंवा सारे चांगले. मिसळायचे ते उघड्या पाटात. सांडपाण्याची नळी पाटाच्या वर हात-दीड हात राहू द्या, पाण्यात बुडवू नका. विहिरीच्या पंपाच्या वाहिनीला ती थेट जोडणे धोक्याचे आहे: पंप बंद पडला की उलटा प्रवाह विहिरीत जातो. जोडायचीच असेल तर उलटप्रवाहरोधक झडप बसवल्याशिवाय नको.

प्रमाण साधायला महागडे यंत्र लागत नाही. पाटात सेकंदाला 8 लिटर स्वच्छ पाणी वाहत असेल तर सांडपाणी सेकंदाला 1 लिटर हवे, म्हणजे 20 लिटरची बादली 20 सेकंदांत भरली पाहिजे. झडप तेवढी उघडून खूण करून ठेवा. या प्रवाहाने एक एकर भिजायला साडेसात तासांच्या आसपास लागतात. मधे दोन-तीनदा बादली लावून बघा, कारण जाळीत काडी अडकून प्रवाह कमी होतो. पाटात लोंढा स्थिर झाल्यावर मिश्रण सुरू करा, पाळी संपण्याआधी थोडा वेळ सांडपाणी बंद करून नुसते पाणी चालवा. पाट धुतला जातो, शेवटी वास राहत नाही. सरीचे शेवटचे टोक बंद असू द्या. शेताबाहेर एक ओंजळही वाहून जाता कामा नये.

पाणवठ्यापासून अंतर राखा. इंग्लंडमध्ये सेंद्रिय खत पृष्ठजलापासून 10 मीटर आणि विहीर, झरा किंवा कूपनलिकेपासून 50 मीटर दूर ठेवावे लागते. तुमच्या भागातला नियम विचारून घ्या, आणि नसेल तर हे अंतर पाळा. विहिरीचे पाणी वर्षातून एकदा तरी नायट्रेटसाठी तपासा. पिण्याच्या पाण्यात लिटरला 50 मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आणि बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला याहून जास्त नायट्रेट घातक ठरू शकते.

दारे धरणाऱ्याला गमबूट आणि हातमोजे द्या. पायाला जखम असेल तर त्या दिवशी त्याने हे काम करू नये. साल्मोनेला, ई. कोलाय, क्रिप्टोस्पोरिडियम हे सगळे या पाण्यात असू शकतात. हात साबणाने धुतल्याशिवाय खाणे-पिणे नको.

पुढे काय बघायचे

धान्यपिकाची सोय ही की दाणा जमिनीपासून वर असतो, वाळतो आणि शिजवून खाल्ला जातो. तरी शेजारच्या सरीत कच्ची खायची भाजी किंवा कोथिंबीर असेल तर तिकडे हे पाणी जाऊ देऊ नका. सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर त्याचे नियम आधी वाचा: अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत खाण्याचा भाग मातीला लागत नसला तरी कच्चे शेणखत आणि काढणी यांत 90 दिवसांचे अंतर मागितले आहे.

चाऱ्यासाठी कापणार असाल तर नायट्रेटकडे बघा. जास्त नत्र मिळालेला मका, ज्वारी किंवा ओट पाण्याच्या ताणात सापडला तर खोडाच्या खालच्या भागात नायट्रेट साठतो आणि जनावर दगावू शकते. अशा वेळी उंचावरून कापा आणि चारा तपासून घ्या.

पिकाचा रंग दर आठवड्याला पाहा. खालची पाने पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतो आहे. बारीक काडी जास्त गेली असेल तर मातीतले जीवाणू काही काळ नत्र स्वतःकडे ओढून ठेवतात, तेव्हा थोडा युरिया द्यावा लागतो. गडद, निळसर हिरवी, रुंद पाने आणि मऊ खोड दिसले तर सांडपाण्याची पुढची पाळी वगळा, हिशेबात ती लिहिलेली असली तरी.

वही ठेवा: तारीख, शेताचा तुकडा, किती घनमीटर, प्रमाण, हवामान. हंगाम संपल्यावर प्रत्येक तुकड्याची माती तपासा आणि स्फुरद, पालाश, क्षारता, सोडियम हे आकडे वहीत लिहा. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबॉक शेतात 1843 पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथे दरवर्षी शेणखत मिळणाऱ्या तुकड्यात सेंद्रिय कर्ब फक्त रासायनिक खताच्या तुकड्यांच्या दुपटीहून अधिक झाला, पण त्याच तुकड्यातून नायट्रेटही भरपूर झिरपते. गाळ काढलेल्या पातळ पाण्यातून एवढा कर्ब मिळत नाही, म्हणून गाळहौदाचे कंपोस्ट त्याच शेतात परत टाका. त्या कंपोस्टमधले स्फुरद आणि पालाश पुढच्या वर्षीच्या खतातून वजा करायला विसरू नका. एखाद्या तुकड्यात स्फुरद दोन वर्षे सलग वाढत गेला, तर कंपोस्ट दुसऱ्या तुकड्यात न्या आणि इथे सांडपाण्याच्या तीनऐवजी दोनच पाळ्या ठेवा.